मामाच्या घड्याळाचं कडं

सदूमामा त्या वर्षी आमच्याकडे आला तो उजव्या कानात कापूस कोंबून. पोर्ट लुईच्या बंदरात तो पाणबुड्या होता. जहाज धक्क्याला लागलं की पाण्याखाली जाऊन त्याचं पोट खरवडायचं, पंख्यात अडकलेले दोर कापायचे, तळाला कुठे भेग आहे का ते हातानं चाचपायचं, असं त्याचं काम. कानात पू झाला आणि डॉक्टरनं आठ दिवस पाण्यात उतरायची बंदी घातली, म्हणून स्वारी बहिणीच्या घरी. मोंतान्य ब्लांशमध्ये, आमच्या डोंगरातल्या गावात, सगळ्या आळीत समुद्रावर पोट भरणारा हा एकच मराठी माणूस. बाकी सगळे उसात नाही तर भाजीच्या वाफ्यात. आई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. बसमधून उतरलेला भाऊ बघून तिनं आधी त्याच्या कानाला हात लावला आणि मग, "बरं झालं दुखला तो, आठ दिवस तरी वर राहशील," म्हणून थेट चुलीकडे लसूण-तेल गरम करायला गेली.

घरात तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. गणपती पंधरा दिवसांवर आलेले. बाबा ऊस तोडायला जायचे, पण त्या दिवसांत दुपारनंतर त्यांचे हात मातीत असायचे. ओढ्यापलीकडची चिकणमाती, तिच्यात कापूस कुटून घातलेला, आणि पुढच्या खोलीत फळ्यांवर ओळीनं बसलेले चाळीस-एक गणपती, कुणी ओले, कुणी सुकलेले, कुणी अजून सोंडेवाचून. पत्र्याच्या घरात त्या ओल्या मातीचा वास, वर रुगायचा वास, म्हणजे खारवलेला मासा टोमॅटोत शिजत असायचा त्याचा, आणि दाराबाहेर उसाच्या लॉऱ्यांचा घरघराट. मूर्ती घरात बसल्या की आमच्याकडे मासा परसातल्या चुलीवर शिजायचा. आईचा तो नियम होता. नियम वास पाळत नसे, ही गोष्ट निराळी.

त्या वर्षी मी एकोणीस वर्षांची होते आणि मला पहिल्यांदाच डोळ्यांची आखणी दिली होती. बाबांची नजर कमी झाली होती. एके दिवशी त्यांनी खारीच्या केसासारखी बारीक कुंचली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "साबी, आजपासून तू बघ." गणपतीला दृष्टी द्यायची! आनंदानं मला दोन दिवस जेवण गेलं नाही. श्वास रोखून एक बुबुळ काढायचं, मग श्वास सोडायचा, मग दुसरं. आज माझ्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे आणि नातवंडं सुईत दोरा ओवून देतात. पण तो रोखलेला श्वास मला अजून छातीत जाणवतो.

मामा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओट्यावर चहा पीत बसला होता. त्यानं घड्याळ काढून बाजूला ठेवलं होतं. मी ते पहिल्यांदा जवळून पाहिलं. जाड, जड, रबरी पट्ट्याचं. काचेभोवती एक पोलादी कडं होतं, आणि ते बोटानं धरलं की किर्रकिर्र करत फिरायचं. मला ते खेळणंच वाटलं.

"हे कशाला फिरतं, मामा?"

"अगो, हेच तर माझा जीव राखतं. बघ." त्यानं घड्याळ माझ्या तळहातावर ठेवलं. "पाण्यात उडी मारायच्या आधी ह्यो त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा. मग खाली किती बी येळ गेला तरी काटा ज्या आकड्यासमोर, तेवढी मिनिटं झाली. हिशेब करायला नको. माझी हवेची बाटली चाळीस मिनिटं चालते. तिसावर काटा आला की सगळं टाकून वर."

"पण इथे आकडेच नाहीत."

खरंच नव्हते. कड्याचा काळा रंग जागोजाग उडून आतलं पोलाद दिसत होतं, आणि आकडे कोरलेले होते त्या खाचांतला पांढरा रंग बहुतेक निघून गेला होता. त्रिकोणाचा एक कोपरा आणि पन्नासातला पाच, एवढंच काय ते उरलेलं.

"जहाजाच्या पोटावर हात घासून घासून गेला. आता मी खाचा मोजतो अंगठ्यानं."

दारात आई तेलाची वाटी घेऊन उभी होती हे आम्हा दोघांना तेव्हा कळलं. "अंगठ्यानं मोजतोस?" ती म्हणाली. "काळ्या पाण्यात, जहाजाखाली, अंगठ्यानं?" मामा हसायला लागला, पण ती हसली नाही.

मी म्हणाले, "मी रंगवते."

"हे काय गणपतीचे डोळे हायत?"

"त्याहून सोपं आहे. खाचा तर आधीच आहेत!"

मला माहीत नव्हतं ते सोपं आहे की नाही. पण अंगात वारं शिरलं होतं. मामानं खिशातला चाकू काढला, त्याचं पातळ पातं कड्याखाली सरकवलं आणि जरा उचकटलं. टक्क! कडं निघून माझ्या मांडीवर पडलं आणि त्याच्याखालून केसासारखी बारीक, वाकडी तार उडाली ती सरळ दारातून आत.

"आयो!" मामा ओरडला. "स्प्रिंग! ती गेली तर कडं फिरायचं नाय."

आम्ही तिघं रांगत होतो. बाबा उसावरून आले तर बायको, मुलगी आणि मेव्हणा चाळीस गणपतींसमोर लोटांगण घालताहेत. काय झालंय ते कळल्यावर तेही खाली बसले. शेवटी त्यांनाच दिसली ती. सगळ्यांत कडेच्या, आदल्या संध्याकाळी घडवलेल्या ओल्या गणपतीच्या पोटात अर्धी रुतलेली. बाबांनी चिमटीनं ती ओढली, पोटावरची खाच अंगठ्यानं पुसली आणि हात जोडून म्हणाले, "माफ कर देवा, मेव्हण्याची चीज हाय." त्या दिवशी आम्ही किती हसलो! आईसुद्धा.

मग मी जुना रंग काढायला बसले. रॉकेलनं काही झालं नाही. शेजारच्या मादाम रोझलीन शिवणकाम करायच्या आणि नखं रंगवायच्या. त्यांच्याकडे नखांचा रंग काढायच्या पाण्याची बाटली होती, ती मी मागून आणली. चिंधीचं टोक त्यात भिजवून कड्यावर टेकवलं आणि काळा रंग असा सुरकुतला जशी दुधावरची साय. चिंधी काळी झाली की नवी घ्यायची. तासाभरात सगळं कडं उघडं पडलं. पण खाचांच्या तळाशी पांढऱ्या रंगाचा खडा झाला होता, समुद्राचं मीठ आणि जहाजाचा गंज त्यात मिसळलेला. तो मी सुईनं टोकरला, एकेक रेघ, एकेक मिनिट. सुईचा दाब जरा वाढला तर पोलादावर ओरखडा. दाब कमी पडला तर काहीच निघत नाही. संध्याकाळी हिरव्या साबणानं धुऊन उन्हाच्या शेवटच्या तिरपीत धरलं तर ते चांदीच्या दागिन्यासारखं चमकलं. साठच्या साठ रेघा जागेवर होत्या. आम्हाला वाटलं होतं त्यातल्या निम्म्या झिजल्या असतील. मी धावत जाऊन ते मामाला दाखवलं, बाबांना दाखवलं, मादाम रोझलीनना कुंपणावरून दाखवलं. त्या म्हणाल्या, "गेत सा! बघा तरी! लग्नात घालशील का हे?"

काळा रंग मात्र दोनदा द्यावा लागला. उसाच्या हंगामात शेतं जाळतात आणि त्याची काळी राख, पिसांसारखी, हवेतून तरंगत सगळीकडे पडते. दोरीवरच्या कपड्यांवर, ताटात, केसांत. पहिला हात देऊन कडं मी पत्र्यावर उन्हात ठेवलं आणि वळले तोवर त्यावर राखेचं पीस. पुन्हा पुसून पहिल्यापासून. मग मी त्यावर काचेचा पेला पालथा घातला. तीन पातळ हात दिले, प्रत्येक हात एक दिवस सुकवला. एवढा धीर माझ्यात कुठून आला कोण जाणे. शाळेत माझ्या वहीवर बाईंचा शेरा असायचा, घाई करते.

राहिले आकडे. आणि इथे मला ती कल्पना सुचली, जिच्याबद्दल मी चार दिवस स्वतःवर खूष होते. मी विचार केला, तीस ते चाळीस हीच धोक्याची दहा मिनिटं ना? मग ती इतरांसारखी पांढरी का? ती लाल करायची! आणि त्रिकोणही लाल. बाबांच्या रंगांत देवाच्या टिळ्यासाठी ठेवलेला तेलरंग होता, ताज्या कुंकवासारखा. बाकीच्या रेघा मी पांढऱ्या भरल्या आणि त्या दहा मिनिटांत तो लाल रंग. कुंचलीनं खाचेत थेंब सोडायचा, तो आपसूक पसरतो, बाहेर आलेला लगेच नारळाच्या हिरानं खरवडायचा. प्रत्येक रेघेला श्वास रोखायचा. संपलं तेव्हा काळ्यावर लाल आणि पांढरं असं उठून दिसत होतं की बाबा कितीतरी वेळ ते हातात घेऊन बसले. मामानं कडं घड्याळावर दाबलं, किर्रकिर्र फिरवलं आणि ओट्यावरून ओरडला, "साबी, बंदरात कुणाकडं असं घड्याळ नाय!" आई म्हणाली, "बरं दिसतंय." आईच्या तोंडून एवढं म्हणजे फार.

कान बरा झाला. सोमवारी मामा निघताना म्हणाला, "हिला नेतो. आपलं काम बघू दे पाण्यात जाताना." आई नको म्हणाली, बाबा जा म्हणाले. मी तोवर चप्पल घातलीही होती.

डोंगरातून उतरणाऱ्या त्या बसमध्ये मी एका जागी बसू शकत नव्हते. समुद्र मी पाहिला होता, गणपती बुडवायला वर्षातून एकदा, पण तो शांत, वाळूचा. बंदर म्हणजे वेगळीच गोष्ट. इमारतीएवढी जहाजं, साखरेच्या पोत्यांचा गोड उग्र वास, क्रेनची किंकाळी, चार भाषांतल्या शिव्या. मामाचं काम एका सपाट बोटीवरून चालायचं. तिच्यावर दोरी सांभाळणारा म्हातारा क्रेओल होता, सगळे त्याला तोंतों पोल म्हणत. पोल काका. पाणबुड्याच्या कमरेची दोरी त्याच्या हातात. एक झटका म्हणजे ठीक आहे, तीन झटके म्हणजे वर ये. त्यानं मला बघून भुवया वर केल्या. "एन तिफी? इसी?" पोरगी? इथे? मामानं मनगट पुढे केलं आणि क्रेओलमध्ये सांगितलं की हे हिनं केलंय. म्हाताऱ्यानं कडं बघितलं, मला बघितलं, आणि बसायला दोरांचं वेटोळं दाखवलं.

मामानं त्रिकोण काट्यावर आणला, माझ्याकडे बघून डोळा मारला आणि पाठमोरा पाण्यात पडला. बुडबुडे जहाजाच्या पोटाकडे सरकत गेले. मी तोंतों पोलच्या साध्या मनगटी घड्याळावर नजर लावून बसले. दहा मिनिटं. वीस. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. पंचवीस. तीस. आता काटा माझ्या लाल रेघेवर आला असेल. एकतीस. तेहेतीस. बुडबुडे होते तिथेच होते. चौतीस झाली तशी तोंतों पोलनं तोंडातली विडी थुंकली आणि दोरीला तीन झटके दिले. काही नाही. पुन्हा तीन. मग खालून दोरी हलली, आणि अडतिसाव्या मिनिटाला मामा बाहेर आला, तोंडातली नळी काढून मोठमोठ्यानं श्वास घेत. राखीव हवेचा दांडा त्यानं ओढलेला होता, म्हणजे बाटलीतली नेहमीची हवा संपली होती.

"लाल कुठाय?" बोटीवर ओढून घेतल्यावर तो पहिल्यांदा हेच बोलला. "अगो, एकोणतीसच्या पुढं काय दिसतच नाय. पांढरं, पांढरं, मग काळं, मग एकदम चाळीसच्या पुढं पांढरं. मला वाटलं काटा अजून तिसावर पोचलाच नाय."

मी त्याचं मनगट धरून बघितलं. लाल रेघा तिथेच होत्या, टवटवीत.

तोंतों पोल कपाळावर हात मारून हसला, पण ते हसणं सुटकेचं होतं. "रूज पा रेस्ते आंबा दिलो, मो तिफी." लाल पाण्याखाली टिकत नाही, पोरी. लाल काळा होऊन जातो. "बोट कापलं तर खाली रक्तसुद्धा हिरवं दिसतं."

"मला ठाऊक होतं," मामा म्हणाला. तो अजून धापत होता. "पंधरा वर्षं ठाऊक हाय मला. पण ओट्यावर उन्हात इतकं झ्याक दिसत होतं, की भुललो. चूक माझी."

मला रडू आलं नाही. आजही त्याचं आश्चर्य वाटतं, कारण मी रडवी मुलगी होते. घाबरले होते. पण त्याच वेळी डोक्यात काहीतरी भरधाव पळायला लागलं होतं. लाल काळा होतो. मग पिवळा? मग हिरवा? केशरी? माणूस आयुष्यभर रंगांत हात बुडवून बसतो आणि त्याला हे माहीत नसतं, की खाली दुसराच कायदा चालतो! मी विचारलं, "बोटीवर कुठले कुठले रंग आहेत?"

डबे होते, बोटीला आणि पाण्यात फेकायच्या तरंगत्या कड्यांना लावायचे. पांढरा, पिवळा, केशरी, हिरवा, लाल. बोटीच्या कडेला जुने टायर टांगलेले असत. मी तोंतों पोलकडून त्यातल्या एकाचा काळा तुकडा कापून घेतला आणि त्यावर करंगळीच्या नखानं एकाखाली एक पाच ठिपके दिले.

"मामा, नवी बाटली लाव. हे जहाजाच्या तळापर्यंत घेऊन जा आणि बघून ये."

"आत्ताच वर आलोय मी!"

"मग थोड्या वेळानं."

तोंतों पोलला आता मजा वाटू लागली होती. त्यानं मामाला चहा आणि गातो पिमा, आपली डाळीची मिरचीवडी, खायला घातली, तासभर बसवलं आणि मग स्वतःच म्हणाला, "आले, सदू. जा, पोरीला शंका आहे." मामा गेला आणि पाच मिनिटांत परत आला. मी पाण्यावर इतकी वाकले होते की तोंतों पोलनं माझा पदर धरून ठेवला होता.

"पांढरा दिसतो," मामा म्हणाला. "पिवळा तर झकास दिसतो. केशरी चिखलासारखा. हिरवा पाण्यात मिसळून गेला. लाल नाय."

पिवळा! मी टाळ्या वाजवल्या. मग मामाच्या चाकूनं कडं काढलं, या खेपेला तारेवर अंगठा घट्ट दाबून. थिनर लावला असता तर लालबरोबर काळाही गेला असता, म्हणून नुसती सुई. तोंतों पोलकडे कापड शिवायची जाड सुई होती, तिचं टोक दगडावर घासून घेतलं. आमच्या ओट्यावर सगळं स्थिर होतं. इथे बोट हलत होती. दर लाटेला माझा हात वर जायचा, खाली यायचा. मी लाटा मोजल्या. एक लाट जाते आणि दुसरी यायच्या आत एक क्षण बोट अगदी थांबते, झोपलेल्या बाळासारखी. तेवढ्या क्षणात एक ओढ. मग थांबायचं. दहा रेघा आणि एक त्रिकोण. मग तेवढ्याच क्षणांमध्ये त्रिकोणात पांढरा आणि दहा रेघांत पिवळा. भोवती कोण उभं आहे हे मला दिसत नव्हतं. इंजिनाच्या गरम झाकणावर कडं ठेवून पेला पालथा घातला तेव्हा वर बघितलं, तर बोटीवरचे दुसरे दोन पाणबुडे, ओले कपडे उतरवण्याच्या ऐवजी, कंबरेवर हात ठेवून माझ्यामागे उभे.

चार वाजता रंग हाताला लागेनासा झाला. मामाला जहाजाखालचं राहिलेलं काम संपवायचंच होतं. त्यानं त्रिकोण काट्यावर आणला. या वेळी डोळा मारला नाही. मीही हसले नाही. तोंतों पोलनं आपलं घड्याळ मनगटावरून काढून माझ्या हातात दिलं आणि दोरी घेतली.

वीस मिनिटांनंतर मी श्वास मोजायला लागले. पंचवीस. अठ्ठावीस. एकोणतीस. तीस होताना मी उठून उभी राहिले. आणि बुडबुडे, जे तोवर जहाजाच्या पोटाखाली एका जागी फुटत होते, ते सरकायला लागले. आमच्या बाजूला! एकतिसावं मिनिट अर्धं उलटलं नव्हतं तेव्हा मामाचं डोकं पाण्याबाहेर आलं. आधी नळी काढायची सोडून त्यानं मनगटच वर केलं, आणि त्या हातानं पाण्यावर अशी थाप मारली की आम्ही सगळे भिजलो.

"दिव्यासारखं दिसतंय गो!" तो ओरडला. "दिव्यासारखं!"

मी तोंतों पोलला मिठी मारली. एकोणीस वर्षांची मराठी मुलगी, भर बंदरात, परक्या म्हाताऱ्याला! आईला हे मी पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं, तेही ती खुशीत असताना.

मामा कपडे बदलत होता तेव्हा त्या दोघा पाणबुड्यांतला एक, लाजत लाजत, माझ्यासमोर आला. त्यानं आपलं घड्याळ काढून धरलं. त्याच्या कड्यावर एकही आकडा नव्हता. मग दुसरा आला. मग बोटीचा फिटर, जो पाण्यात कधीच उतरत नसे, त्याच्याही कड्याचा रंग उडालेला होता, आणि त्याला ते निळं हवं होतं. तोंतों पोल म्हणाला, "त्याला निळं दे. तो खाली जातच नाही."

घरी जाणाऱ्या बसमध्ये मामानं मला बसवून दिलं. ती तीन घड्याळं पिशवीत ठेवायचा धीर होईना, म्हणून मी ती डाव्या हातावर एकावर एक बांधली, कोपरापर्यंत. बस चढाला लागली. शेजारी बाजाराची टोपली घेतलेली एक बाई बसली होती. तिनं माझ्या हाताकडे बराच वेळ बघितलं आणि मग भोजपुरीत विचारलं, किती वाजले?

मी हात वर केला. तिन्ही घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवत होती. मी तिला तिन्ही वेळा सांगितल्या.